चाळिसाव्या पायरीवरचा श्वास

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात चार वाजंत्री राहत होते. एक सनईवाला, एक सूरवाला, एक संबळवाला आणि एक झांजवाला. बत्तीस वर्षं हेच चौघं मिळून वाजवत आले होते. ज्यांच्या लग्नात त्यांनी वाजवलं, त्यांच्या लेकरांच्या मांडवातही हेच उभे. तेवढ्या काळात गावाने तीन पाटील पाहिले, देवळाचा कळस दोनदा बदलला, पण ताफ्यातला माणूस बदलला नाही. झांजवाला म्हणायचा, "घरी बायकोशी बोललो नसेन तेवढं तुमच्याशी भांडलोय."

चौघांत मान सनईवाल्याचा. गाणं त्याचं, वाहवाही त्याची. सूरवाल्याचं काम कुणाच्या डोळ्यांत भरण्यासारखं नव्हतं. त्याच्या हातात सनईसारखंच वाद्य असे, पण त्यातून एकच स्वर पहिल्यापासून शेवटपर्यंत धरून ठेवायचा. चालताना तो नेहमी सनईवाल्याच्या डाव्या खांद्याशी, अर्धं पाऊल मागे असे.

गावाची देवी डोंगरावर होती. दर चैत्रात तिची पालखी ऐंशी पायऱ्या चढून देवळात जाई. रीत अशी, की वाजंत्र्यांनी पुढे वाजवत चढायचं आणि भोयांनी सनईच्या चालीवर पाऊल टाकायचं. सनई चालू तोवर पालखी चालू. सनई तुटली, की पालखी तिथल्या तिथे थांबायची. न थांबता वर पोचली, तर पुजारी मानाचा नारळ सनईवाल्याच्या ओंजळीत ठेवत. गेली बत्तीस वर्षं तो नारळ याच ताफ्याकडे येत होता. लोक म्हणत, "याची सनई श्वासच घेत नाही." ऐकून ऐकून सनईवाल्यालाही ते खरं वाटू लागलं होतं.

एका वर्षी ऐन थंडीत सूरवाल्याला खोकल्याने धरलं. फाल्गुनातल्या एका लग्नात त्याचा सूर दोनदा तुटला आणि वऱ्हाडातली पोरं हसली. सनईवाल्याच्या मनात भीतीने घर केलं. पालखीच्या दिवशी असं झालं तर? बत्तीस वर्षांची अब्रू एका खोकल्यात जाईल.

शेजारच्या गावात एक धडधाकट सूरवाला होता, पैलवानासारख्या छातीचा. सनईवाल्याने त्याला निरोप धाडला आणि मग जुन्या सोबत्याच्या घरी गेला. सूरवाला ओसरीवर बसून अडुळशाचा काढा घेत होता. वाटेत घोकून ठेवलेलं सगळं सनईवाला विसरला.

"दादा, यंदा तू आराम कर," तो खाली बघत म्हणाला. "पालखीला मी दुसरा माणूस सांगितलाय."

सूरवाल्याने काढ्याचा शेवटचा घोट घेतला, वाटी पालथी घातली.

"बरं केलंस. माझ्या छातीचा मलाच भरवसा नाही," तो म्हणाला. "फक्त चाळिसाव्या पायरीवर जरा जपून. तिथे वळण आहे, चढ अंगावर येतो. तिथे घाई करू नकोस."

सनईवाल्याला ते लागलं. बत्तीस वर्षं ज्या पायऱ्या चढलो, त्या मला हा शिकवतोय. जागा गेली म्हणून मनात सलत असणार, असं त्याने ठरवून टाकलं आणि तो उठला.

ही गोष्ट कळल्यावर झांजवाला दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. संबळवाला एवढंच म्हणाला, "तुझा ताफा, तू जाण."

पालखीचा दिवस उजाडला. सगळं गाव पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना उभं होतं. सनईवाल्याने सनई ओठांना लावली. नव्या माणसाने सूर धरला. काय तो सूर! ताणलेल्या दोरीसारखा सरळ, कुठे कंप नाही. सनईवाला मनात म्हणाला, बरं झालं हा आणला.

वीस पायऱ्या झाल्या, तीस झाल्या. चाळिसाव्या पायरीशी वळण आलं. गालांत वारा साठवून नाकाने श्वास ओढायची विद्या सनईवाल्याला येत होती. तरी तिथे त्याची छाती रिकामी झाली, ओठ निमिषभर सुटले आणि सनई गप्प झाली.

नव्या माणसाचा सूर तसाच सरळ वाजत होता. पण त्या सरळ सुरावर मधली मोकळी जागा सगळ्या गावाला लख्ख ऐकू आली. भोयांचं पाऊल अडखळलं. पालखी थांबली.

सनईवाला घाबरून मागे वळला. नवा माणूस बावरून म्हणाला, "दादा, मी माझा सूर सोडला नाही." ते खरंच होतं.

तेव्हा संबळवाला पुढे आला आणि त्याच्या कानाशी बोलला. "तुझा श्वास इथे दर वर्षी तुटतो. तुझी छाती खाली बसली, की तो आपला सूर भरून मोठा करायचा. तू पुन्हा फुंकलंस, की परत बारीक व्हायचा. लोकांना तुटलेलं कधी कळलंच नाही."

"मलाही कळलं नाही," सनईवाला म्हणाला. "तुम्ही सांगितलं का नाही?"

"त्याने सांगू दिलं नाही. म्हणायचा, कळलं तर हा श्वास मोजत वाजवेल, आणि मोजून मोजून कधी सनई वाजते का?"

सनईवाल्याने खाली पायथ्याकडे पाहिलं. गर्दीच्या शेवटी, शाल पांघरून, सूरवाला उभा होता. सगळ्या गावादेखत सनईवाला चाळीस पायऱ्या उतरला. डोक्यावरचा फेटा काढून त्याने सोबत्याच्या पायांशी ठेवला.

"दादा, बत्तीस वर्षं तुझ्या श्वासावर जगलो. आणि तुलाच घरी बसवलं."

सूरवाल्याने फेटा उचलून झटकला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. "पालखी उन्हात उभी आहे," तो म्हणाला. "रडायचं ते नंतर रड."

दोघं वर आले. नव्या माणसाने आपणहून वाद्य सूरवाल्याच्या हाती दिलं. सूरवाला नेहमीच्या जागी, डाव्या खांद्याशी, अर्धं पाऊल मागे उभा राहिला. पालखी हलली.

त्या दिवशी सनईवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा आपली सनई ऐकायची सोडून शेजारचा सूर ऐकला. आपली छाती रिकामी होऊ लागली, की तो सूर हळूच पसरायचा, झोपलेल्या लेकरावर कुणी पांघरूण ओढावं तसा. साठाव्या पायरीवर सूरवाल्याला खोकल्याची उबळ आली. सूर तुटणार, तोच सनईवाल्याने एक लांब तान घेतली आणि उबळ जाईपर्यंत सोडली नाही. कुणालाच काही कळलं नाही. झांजवाल्याला मात्र कळलं. तो गालातल्या गालात हसला.

पालखी वर पोचली. मानाचा नारळ त्या वर्षी मिळाला नाही. रीत ती रीत. पुजाऱ्यांनी नुसता प्रसाद हातावर ठेवला. सनईवाल्याने तो आधी सूरवाल्याला दिला, मग दोघा सोबत्यांना, मग नव्या माणसाला, आणि उरलेला कण आपल्या तोंडात टाकला.

पुढे आणखी नऊ वर्षं तेच चौघं वाजवत राहिले. नारळ पुन्हा त्यांच्याकडे आला आणि येतच राहिला. लोक अजूनही म्हणत, "याची सनई श्वासच घेत नाही." त्यावर सनईवाला डाव्या खांद्याकडे हात करून सांगे, "माझ्यासाठी हा घेतो."

तात्पर्य एवढंच: आपल्याला जे कधी कमी पडलं नाही, ते कुणीतरी शेजारी उभं राहून पुरवत असतं. तो माणूस वेळेवर ओळखावा, आणि त्याचा श्वास अडेल तेव्हा आपला पुढे करावा.