लिंबाजीची राखण

ठकूबाईचं कोणी ऐकलं नाही ते नाहीच. बिचारी घसा फोडून सांगत होती, "माझ्या नवऱ्याच्या भरवशावर जोंधळा सोडायला लावू नका. वर्षाची भाकरी आहे ती." गाव म्हणालं, "तुझं आपलं काहीतरीच! देवमाणूस आहे तो."

तर वाघोशी गावात हा देवमाणूस राहत होता. नाव लिंबाजी. भोळा म्हणजे इतका भोळा, की सांगाल ते करायचा. पण करायचा भलत्याच ठिकाणी.

गावात सप्ताह बसला. ठकूबाईला भाकरी थापायला देवळामागच्या चुलीवर नेलं आणि लिंबाजीच्या हातात गोफण देऊन त्याला रान राखायला धाडलं. वाटेत तो कीर्तनाला टेकला. महाराज भोंग्यातून सांगत होते, "हल्ली माणूस बांधावरून भावाला मारतो, मोबाइलवरून शेजाऱ्याला मारतो. बाबांनो, कोणत्याही जिवाला मारू नका!"

लिंबाजीला पटलं. त्याने गोफण कमरेला गुंडाळली आणि मचाणावर जाऊन बसला.

संध्याकाळी ठकूबाई आली. अर्ध्या रानातली कणसं रिकामी.

"अहो, पाखरं आली होती का?"

"आली होती. पोटभर जेवली. मी पाणीपण ठेवलं."

"अहो, मारू नका, पण हाकलायचं तरी! डबा बडवायचा, बोंब ठोकायची. रानात पाय ठेवू द्यायचा नाही कुणाला!"

"असं होय? आधी सांगायचं."

सकाळी कापणीच्या बाया आल्या. ठकूबाईनेच बोलावल्या होत्या. लिंबाजीने डबा बडवला, बोंब ठोकली. बायांना वाटलं, पिसाळलं कुत्रं सुटलं. पळाल्या त्या थेट शेजारच्या रानात, आणि तिथलीच कापणी धरली.

ठकूबाईने कपाळ बडवून घेतलं. "अहो, हातात विळा दिसला की आपलं माणूस समजायचं. पाणी द्यायचं, कुठून कापायचं ते दाखवायचं!"

"असं होय? आधी सांगायचं."

दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन तीन अनोळखी गडी आले. लिंबाजीने विचारलं, "विळे आहेत का?"

"आहेत की."

मग काय! पाणी दिलं. चांगलं भरलेलं कणीस कुठे आहे ते दाखवलं. पेंढ्या बांधू लागला. टेम्पो चाकोरीत रुतला, तर मागून ढकललाही.

रानात आता फक्त बांधाकडचा एक कोपरा उरला. ठकूबाई रडली, मग ओरडली. "कोणीही कणसं घेऊन निघाला की धरायचा त्याला!"

"मारू?"

"नका मारू. आडवा पाडा, वर बसा, आणि मी येईपर्यंत उठू नका!"

"पाडणं म्हणजे मारणं नव्हे ना?"

"नव्हे!"

"असं होय? आधी सांगायचं."

काल्याचा दिवस उजाडला. काल्याच्या हंडीला नव्या जोंधळ्याची कणसं बांधायची गावाची रीत. महाराज म्हणाले, "लिंबाजी माझा खरा शिष्य. पाखरालासुद्धा मारलं नाही त्याने. त्याच्या रानातली कणसं मी स्वतः आणतो."

ठकूबाई पिठाच्या हातांनी आडवी आली. "महाराज, तुम्ही जाऊ नका. मी आणते."

सरपंच म्हणाले, "ठकू, गप भाकरी थाप."

महाराज गेले. चार कणसं मोडली आणि वळले. लिंबाजी मचाणावरून उतरला, मागून त्यांच्या पाया पडला, पाय घट्ट धरले आणि ओढले. महाराज आडवे. लिंबाजी वर.

"ऊठ गाढवा!"

"ठकू येऊ दे."

महाराजांच्या हाताला त्याच्या कमरेची गोफण लागली. त्यांनी ती ओढून काढली आणि मागच्या मागे सटासट हाणायला लागले.

लिंबाजी हलला नाही. कळवळून म्हणाला, "महाराज, कोणत्याही जिवाला मारू नये हो!"

महाराजांची बोंब ऐकून अख्खं गाव पळत आलं, ते बांधाकडच्या कोपऱ्यातूनच. उरलेला जोंधळा पायाखाली भुईसपाट. ठकूबाई पोहोचली तेव्हा कुठे लिंबाजी उठला. म्हणाला, "बघ, एका जिवाला मारलं नाही."

मग गाव विचाराला बसलं. चुकलं कोणाचं? महाराजांनी तर मारू नका म्हणून सांगितलेलं. लिंबाजीने बोटही उचललं नाही. मग धरा, पाडा, वर बसा, हे त्या गरिबाला शिकवलं कोणी?

सगळ्यांनी एकदमच बोट केलं.

ठकूबाई.