जावेचा वाफा

फार पूर्वी एका देवीच्या देवळामागे फुलबाग होती आणि एक म्हातारा माळी ती सांभाळत असे. त्याच्या दोन्ही मुलांना नांगराची आवड, फुलांची नाही. म्हणून त्यानं आपली विद्या सुनांना शिकवायला घेतली. थोरली सून सहा वर्षं त्याच्या हाताखाली तयार झाली होती. धाकटी त्याच वर्षी लग्न होऊन आली होती.

थोरलीचा हात कसबी. रोप दोन पानांचं असतानाच ते फूल की तण, हे ती चालता चालता सांगायची. धाकटीला हरळी आणि लव्हाळा यांतलाही फरक कळत नसे, पण नवल मात्र सगळ्याचं! गणपती गेले, पाऊस ओसरला, आभाळ निळंभोर झालं, आणि ही बाई दवानं भिजलेल्या गवतात उकिडवी बसून चतुर बघत राहायची. मग एखादं पान खुडून सासऱ्याकडे धावायची. "मामंजी, हा आघाडा ना?" बरोबर आलं की म्हातारा म्हणायचा, "वा, सूनबाई!"

ते 'वा' ऐकलं की थोरलीच्या पोटात दुखायचं. पहाटेपासून राबते मी, आणि कौतुक हिचं? साऱ्या गावाला तो शरद गोड लागत होता, हिला तेवढा कडू.

एके दिवशी माळ्यानं दोघींना एकेक वाफा दिला आणि दोन्हींत आपल्या हातानं कोंबड्याच्या फुलाचं बी पेरलं. म्हणाला, "त्रिपुरी पौर्णिमेला देवीला तांबड्या कोंबड्याचा हार लागतो. तो जिच्या वाफ्यातून होईल, तिच्या हाती बाग. देवीपुढे शब्द देतो. पण सांभाळा. सोबत कुर्डू उगवेल. ते तण, पण रोप अगदी कोंबड्यासारखं."

थोरलीनं पंधरा दिवसांत सगळं कुर्डू वेचून उपटलं. वाफा विरळ झाला, पण उरलेलं प्रत्येक रोप कोंबड्याचं होतं. धाकटी विचारायला आली, "जाऊबाई, यातलं कुर्डू कोणतं हो?"

"मला कुणी सांगितलं होतं? शोध की तूच!"

चुकून फूल गेलं तर, या भीतीनं धाकटीनं काहीच उपटलं नाही. तिचा वाफा गच्च भरला. सासरा तिथं थांबून म्हणाला, "केवढा दाटलाय गं हा वाफा!" म्हाताऱ्यानं म्हटलं काळजीनं, थोरलीनं ऐकलं कौतुक.

झालं! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आपला वाफा सोडून ती जावेचाच वाफा बघायला लागली. तिथली रोपं वीत वीत उंच, आपली चार बोटं. 'मामंजींनी हिला नक्की निराळं बी दिलंय. खुरटं तेवढं माझ्या वाट्याला!'

दसऱ्याला सारं गाव सोनं लुटायला शिवेवर गेलं. डोकं दुखतं म्हणून थोरली मागे राहिली. तिनं जावेच्या वाफ्यातली उंच, जोमदार रोपं मातीसकट उचलली आणि आपल्या वाफ्यात लावली. जागा पुरेना, तेव्हा आपलीच ठेंगणी रोपं उपटून उकिरड्यावर टाकली.

धाकटी परतली आणि विरळ झालेला वाफा बघून रडायला लागली.

"शेळी शिरली होती," थोरली म्हणाली. "मीच हाकलली." त्याच निमित्तानं तिनं आपल्या वाफ्याभोवती उंच कुंपण घातलं, आत कुणाला डोकावू दिलं नाही.

त्रिपुरी पौर्णिमा आली. धाकटीच्या वाफ्यात मोजकीच झाडं उरली होती, पण प्रत्येकावर तांबडा तुरा होता. थोरलीच्या वाफ्यात फिकट गुलाबी कुर्डू डुलत होतं; भराभर वाढलेली ती उंच रोपं सगळी तणाचीच होती.

माळी चक्रावला. "सूनबाई, दोन पानांवर कुर्डू ओळखणारी तू. हे काय गं?"

थोरलीचा बांध फुटला. तिनं सगळं सांगून टाकलं. "मला वाटलं, तिला निराळं बी दिलंत. उठता बसता तिचंच तर कौतुक करत होतात."

म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "अगं, पाऊल टाकायला शिकणाऱ्या पोरासाठी टाळ्या वाजवतात. चालत्या माणसासाठी कोण वाजवतं? तुला शिकवायचं काही उरलंच नव्हतं. ही बाग तुझीच, असं मी मनात धरून होतो. पण आता देवीपुढे दिलेला शब्द कसा फिरवू?"

बाग धाकटीची झाली. हार ओवता ओवता ती म्हणाली, "जाऊबाई, मला तर कुर्डू ओळखताच येत नव्हतं. तुम्ही ते निंदून काढलंत म्हणून माझा वाफा फुलला हो."

धाकटी हे अगदी मनापासून म्हणाली, आणि म्हणूनच ते थोरलीला सगळ्यात जास्त लागलं.

तात्पर्य: आपल्या वाफ्यातून जे तण म्हणून उपटतो, तेच दुसऱ्याच्या वाफ्यात दिसलं की हेव्यापायी फूल वाटतं, आणि ते आणायच्या नादात आपली फुलं उकिरड्यावर जातात.