तारेने हात सोडला

गावात वीज नवीनच आली होती, तेव्हाची ही गोष्ट. दगडू मिस्त्रीच्या दुकानात एका फळीवर व्होल्टमीटर, अ‍ॅमीटर आणि शेगडीची तार, असे तिघे जोडलेले असत.

व्होल्टमीटर विजेचा दाब सांगे, दोनशे व्होल्ट. अ‍ॅमीटर प्रवाह सांगे, चार अँपिअर. मिस्त्री दाबाला प्रवाहाने भागी, की तारेचा रोध निघे, पन्नास ओहम. दोन्ही आकडे गुणले की शेगडीची शक्ती कळे, आठशे वॅट. तारेला स्वतःचा काटा नव्हता. ती मुकाट तापत राही.

एके दिवशी अ‍ॅमीटर तिच्यावर खेकसला, “ए तारे, तू आडवी येतेस म्हणून मी चारावर अडकतो. माझी पट्टी दहापर्यंत आहे. हो बाजूला!”

“मी सुटले तर तू जळशील, दादा.”

“मला सांभाळायला तू काय माझी आई लागतेस?”

तारेने व्होल्टमीटरकडे पाहिले. विजेचा जोर त्याच्याइतका कोणाला ठाऊक नव्हता. तो म्हणाला, “तुमचं तुम्ही बघा. माझे दोनशे कुठे जात नाहीत.”

तारेने हात सोडला. अ‍ॅमीटरने विजेची दोन्ही टोके स्वतःच धरली. काटा दहाच्या पलीकडे आपटला आणि काचेआड धूर झाला.

जळका अ‍ॅमीटर भंगारात गेला. तार गिऱ्हाइकाच्या शेगडीत बसून परगावी गेली.

व्होल्टमीटर फळीवर एकटाच दोनशे दाखवत राहिला. भागायला किंवा गुणायला शेजारी दुसरा आकडा नव्हता. मिस्त्री त्याच्याकडे बघेनासा झाला.