वाढवलेली किंमत

दिवाळी उरकली की रांगणेकरांच्या दुकानात सेल लागे आणि कुमुदताई पुढच्या वर्षीचा आकाशकंदील तेव्हाच घेऊन ठेवत. यंदा बघतात तर दिवाळीआधी दोनशेला असलेल्या कंदिलावर चारशेची चिठ्ठी, आणि वर पाटी, ‘निम्म्या दरात’!

त्यांचं डोकंच फिरलं. “बंद करा असलं दुकान!”

“शुभ बोला,” रांगणेकर सगळ्यांसमोर गुरकावले. “दुकान बंद केलं म्हणू नये, वाढवलं म्हणावं. दिवा विझवला नाही, वाढवला. बांगडी फुटली तरी वाढवली. मराठी शिका जरा!”

गिऱ्हाइकं हसली.

“शिकते. पण या कंदिलाच्या किमतीचं काय केलंत?”

“वाढवली! दुकान माझं, किंमत माझी.”

“वाढवलीत ना? मग आता ती उरली कुठे?” म्हणत कुमुदताईंनी कंदील पिशवीत टाकला.