न उघडलेला झेंडा

"…तेवढंच सांगा बाई. तिला संघातून काढायचं की नाही?"

तांबोळी बाईंनी मान वर केली नाही. करंजाच्या सावलीत सतरंजीवर बसून त्या तंबूच्या दोरांची टोकं उकलू नयेत म्हणून दोऱ्यानं घट्ट गुंडाळत होत्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. तरी विट्याजवळच्या या माळावर स्काउट-गाईडचं शिबिर लागलं की बाई हजर. त्यांच्याशिवाय शिबिर अळणी, असं बाकीच्या शिक्षिका म्हणत. तोंडावर मात्र कुणी म्हणत नसे, कारण स्तुती केली की बाई जादा काम लावत.

समोर रेवती मोहिते उभी होती. नववीतली, आठ मुलींच्या संघाची नायिका. खिशावर दोन हिरव्या पट्ट्या. तिसरी पट्टी अख्ख्या पथकाच्या नायिकेची. ती उद्या जाहीर व्हायची होती, आणि ती रेवतीलाच मिळणार हे काल शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं.

आज सकाळी माशी शिंकली.

गाईडचा निळा झेंडा घडी करून, दोरीत गुंडाळून वर चढवतात. खालून एक झटका दिला की तो वर उघडतो. त्यासाठी शेवटचा फेर नुसता खोवायचा असतो, गाठ मारायची नसते. आज पाळी रेवतीच्या संघाची होती. तिनं सगळ्यांसमोर ऐटीत झटका दिला.

झेंडा उघडला नाही.

दुसरा दिला. तिसऱ्याला पाहुणे म्हणून आलेल्या सभापतींनीच दोरीला हात घातला. झेंडा आपला काठीच्या टोकाला शिदोरीसारखा लटकलेला. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. शेवटी खाली उतरवून पाहिला, तर संघातल्याच सहावीतल्या हर्षालीनं त्याला चांगली दुहेरी गाठ मारून ठेवली होती.

"सगळ्यांदेखत लाज गेली, बाई."

"कुणाची?"

"…संघाची."

बाईंनी दोरा दातानं तोडला. दुसरा दोर घेतला.

"झेंडा बांधायला हर्षालीला कुणी सांगितलं?"

"मीच. मला स्वागताचं भाषण पाठ करायचं होतं."

"तिला येतं का, ते पाहिलंस?"

"विचारलं होतं. ती हो म्हणाली."

"कसं विचारलंस?"

हा काय प्रश्न झाला, असं रेवतीला वाटलं. विचारलं म्हणजे विचारलं.

"म्हटलं, येतं ना गं?"

"हं." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "संघनायिकेनं 'येतं ना गं' म्हटल्यावर सहावीतली पोर काय म्हणणार?"

रेवतीला राग आला होता. खरं म्हणजे रडू येत होतं, पण त्या घटकेला राग बरा पडत होता.

"झेंडा अडकला तेव्हा हर्षाली कुठं होती?"

"रांगेत असेल."

"असेल?"

बाईंनी गळ्यातला स्कार्फ काढला आणि हातातल्या दोरासकट रेवतीपुढं टाकला.

"बांध."

रेवती खाली बसली. घडी, फेर, पुन्हा फेर, शेवटचं टोक आत खोवलं. बोटं जणू स्वतःहून चालत होती. एक टोक बाईंच्या हातात देऊन तिनं झटका दिला. स्कार्फ अलगद मोकळा झाला. एवढ्या वैतागातही तिला जरा बरं वाटलं.

"सुरेख. हात बसलाय तुझा. किती वेळा केलंस हे?"

"शंभरदा तरी."

"आणि हर्षालीनं?"

रेवतीनं स्कार्फ पुन्हा घडी करायला घेतला.

"रेवती."

"आजच पहिल्यांदा." मग ती भरभर बोलू लागली. "तिला वेळ लागतो बाई. तिचं एकदा होईपर्यंत माझं दहा वेळा होतं. म्हणून मीच करून टाकते. तंबू मीच ठोकते, चूल मीच पेटवते. म्हणून तर आमचा संघ दरवेळी पहिला येतो."

"आठ जणींचा संघ?"

रेवतीनं स्कार्फ बाईंपुढं सरकवला.

"तिनं गाठ का मारली, विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? चुकली ती."

"मी विचारलं," बाई म्हणाल्या. "म्हणाली, वर जाताना मधेच सुटला असता तर ताई रागावली असती."

कुठल्यातरी तंबूत मुली टाळ्या वाजवून गाणं बसवत होत्या. रेवतीला ते ऐकवेना. सकाळी गाठ सोडवताना आपण सगळ्यांसमोर हर्षालीला काय बोललो, ते तिला शब्दन् शब्द आठवलं.

"भ्यालेला माणूस गाठ पक्कीच मारतो," बाई पुटपुटल्या. तिला म्हणाल्या की दोराला, कोण जाणे.

रेवती ताडकन उठली. खिशावरच्या पट्ट्यांची पिन तिनं अर्धी काढली सुद्धा.

"मग माझ्याच काढून घ्या या."

हनुवटी वर होती. अगं नको, असं बाई म्हणतील, अशी तिला आतून खात्री होती.

बाईंनी हात पुढं केला नाही, आणि नकोही म्हणाल्या नाहीत.

"काढल्यास की सुटलीस," त्या म्हणाल्या. "मी इतक्या स्वस्तात सोडत नाही कुणाला. लाव ती पिन."

रेवतीनं पिन लावली. बोटाला टोचलीही.

"उद्या सकाळी झेंडा पुन्हा तुमच्याच संघाकडं. जिल्ह्याच्या मॅडम यायच्यात. बांधायचा हर्षालीनं. दोरी ओढायची तू."

जिल्ह्याच्या मॅडम, रांगेत उभं पथक, आणि तिसरी पट्टी. सगळं त्या पोरीच्या दहा बोटांत.

"मी बांधते ना बाई. ती शेजारी उभी राहून बघेल."

"तू उभी राहा शेजारी. ती बांधेल."

"निदान शेवटचा फेर तरी…"

"आजची सगळी दुपार पडलीय. शिकव तिला. पन्नासदा चुकू दे. पण उद्या सकाळी तिच्या हाताला हात लावायचा नाही."

रेवतीनं मान हलवली. चार पावलं गेली आणि थांबली. वळली तेव्हा तिच्या आवाजातली सगळी ऐट गेली होती. उरली होती ती नुसती चौदा वर्षांची घाबरलेली मुलगी.

"बाई… आणि उद्याही नाही उघडला तर?"

बाईंनी स्कार्फ झटकला, गळ्यात घातला, आणि दोर पुन्हा मांडीवर ओढून घेतला.

"सगळे वर बघतील," त्या म्हणाल्या. "तू तिच्याकडं बघ."