प्रोग्रॅम म्हणाला, ठाऊक नाही

डोंगरापल्याडच्या एका शाळेत पोरापोरींची प्रोग्रॅम लिहायची स्पर्धा भरली. जो जिंकेल त्याला शहरातल्या कॉम्प्युटर शिबिराला धाडणार होते, आणि धनगराच्या मयुरीचा सारा जीव त्या शिबिरात अडकला होता. तिनं शेळ्यांची दुखणी ओळखणारा प्रोग्रॅम केला होता. परीक्षक होते कारखानीस साहेब, मोठे तोऱ्याचे. त्यांनी मुद्दाम एक विचित्र लक्षण सांगितलं. पडद्यावर उमटलं, ‘मला ठाऊक नाही. डॉक्टरांना दाखवा.’

साहेब हसले. “अगं पोरी, बाकीच्यांचे प्रोग्रॅम कसे धडाधड उत्तरं देतात. तुझा तर हातच वर करतो. नापास.”

मयुरीनं विचारलं, “सर, आमच्या चांदी शेळीनं कालपासून पाल्याला तोंड लावलं नाही. तिला काय झालं असेल?”

“मला काय ठाऊक? डॉक्टरांना दाखव.”

“माझा प्रोग्रॅमही तेच म्हणाला, सर,” पोर हळूच बोलली. “मग नापास एकटा तोच कसा?”

साहेबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांना पोरीचे भरलेले डोळे दिसले.

“चांदी खरंच आजारी आहे का गं?”

“होय, सर.”

“शिबिराला तूच जायचंस,” साहेब खुर्चीतून उठले. “पण आधी गाडीत बस. चांदीला डॉक्टरांकडे नेऊ.”