परत बोलावलेले दिवे

फार फार पूर्वीची गोष्ट आहे. राजा कोणता, नगर कोणतं, ते मला विचारू नका. दिव्यांबद्दल मात्र हवं ते विचारा.

त्या नगरात एक कासार होता. त्याचे साखळीने टांगायचे पितळी दिवे दुकानादुकानांत, धर्मशाळेत, खुद्द राजाच्या दरबारातही होते. तिथे एक रीत होती. नवा दिवा पहिल्यांदा लावताना घडवणाऱ्याने त्याच्याखाली उभं राहायचं. वात नीट पेटली की लोक ज्योतीला हात जोडत आणि कासार घरी जाई.

एका वर्षी जत्रा तोंडावर आली आणि मागणीला अंतच राहिला नाही. घाईघाईत कासाराने ज्योतीवरची, साखळी अडकवायची कडी नेहमीसारखी पितळेने न जोडता लवकर वितळणाऱ्या कथलाने जोडली. कडी दिसायला तशीच. रीतीप्रमाणे तो प्रत्येक दिव्याखाली उभा राहिला. एकही पडला नाही, म्हणून तो निर्धास्त झाला.

जत्रेनंतर एका संध्याकाळी त्याच्याच घरातला दिवा तुटून पाळण्यात पडला. नातीला तिच्या आईने नुकतंच उचललं होतं. कासाराने पेटलेली दुपटी विझवली आणि कडी हातात घेतली. रोजच्या आचेने कथील मऊ पडलं होतं. असेच दिवे नगरभर लोकांच्या डोक्यावर लटकत होते.

बायको म्हणाली, आढं कुजलं होतं असं सांगू, नाहीतर आपल्याकडे पुन्हा कोण दिवा घेईल? बाई वाईट नव्हती, घाबरली होती. पण कासाराने तडक दरबार गाठला.

तिथे दिवे लागले होते. सगळ्यांत मोठा सिंहासनाच्या बरोबर वर जळत होता.

"महाराज, तिथून उठा," कासार म्हणाला.

राजाशी असं कधी कुणी बोललं नव्हतं. शिपाई पुढे सरसावले. राजाने मात्र कासाराचा चेहरा पाहिला आणि तो उठला. सारा दरबार श्वास रोखून वर पाहत राहिला. दिवा जागचा हलला नाही. कुणीतरी हसलं.

कासाराने दिवा विझवून खाली घ्यायला लावला. कडी दोन बोटांत धरून ओढली, तर ती उकडलेल्या शेंगेसारखी उकलली.

राजा हळूच म्हणाला, "रीत तर तू पाळलीच होतीस. तू बोलला नसतास, तर तुला कुणी दोष दिला नसता."

"दिवा माझा आहे, महाराज. पडतानाही तो माझाच असता."

राजाने लगेच दवंडी पिटवली. पेठेतले दिवे एकामागून एक विझले आणि लोक आपापला दिवा घेऊन कासाराच्या दारी निघाले. केवढी ती रांग! अंधारलेल्या पेठेवर चांदणं उतरलं होतं, आणि माणसं चालता चालता थांबून वर बघत होती. एक व्यापारी चडफडत आला खरा, पण पाळण्यातली जळकी दुपटी पाहून त्यानेही मुकाट्याने दिवा खाली ठेवला.

कासाराने सगळ्या कड्या पितळेने जोडल्या. मग तो पुन्हा प्रत्येक दिव्याखाली उभा राहिला, या वेळी तेल संपेपर्यंत. दरबारातल्या दिव्याखाली तो उभा असताना राजा सिंहासनावरून उतरला आणि त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. तेल संपेपर्यंत दोघेही हलले नाहीत. तेव्हापासून त्या नगरात तेल संपेपर्यंत दिव्याखाली उभं राहायची रीत झाली.

मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा: आपली चूक कुणाच्या डोक्यावर पडण्याआधी जो स्वतः जाऊन ती उतरवतो, त्याच्या कामावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात.